शब्दचर्चा: "चल, परवात जाऊ" म्हणजे नेमकं कुठं?

गोदातीर:
मंडळी, एका ठिकाणी गाडी अडलीये. एका परदेशी कार्टून पिक्चरचं मराठी डबिंग चाललंय आणि संवाद माझ्याकडे आहेत. पिक्चर अगदी चिल्ल्यापिल्ल्यांचा, बालवाडी ते फार तर दुसरी. सुपरहिरो पोरगी, तिचा धाकटा भाऊ, आणि माळ्यावरचं जुनं कपाट हेच टाइम मशीन. भावाचं कासव दोन दिवसांपूर्वी हरवलंय म्हणून ती त्या दिवशी परत जायचं ठरवते. मी लिहिलं, "चल, आपण परवात जाऊ!" भावाचा आवाज देणारा मुलगा सिडकोतला आहे, भलता चुणचुणीत, तो माइकसमोरच थांबला आणि म्हणाला, "कासव आत्ता हरवलंय ना, मग परवापर्यंत कशाला थांबायचं, आजच शोधू की." त्याने परवा म्हणजे उद्याच्या पुढचा दिवस घेतला, आणि "जाऊ" म्हणल्यावर तो तसाच घेणार ना, त्यात त्याचं काय चुकलं? बरं शॉट क्लोजअप आहे, वाक्य लांबवता येत नाही, आणि मधोमध पोरीचे ओठ स्पष्ट मिटताना दिसतात, म्हणजे तिथं प फ ब भ म पैकी काहीतरी यायलाच पाहिजे. "परवा"चा प तिथं इतका चपखल बसलाय की सोडवत नाही. सुचवा काहीतरी.

जुनं_नाशिक:
आधी मला सांगा "परवात" हे कुठलं मराठी? परवा हे अव्यय आहे, त्याला त लावून सप्तमी करता येत नाही. "परवाच्या दिवशी" म्हणा.

गोदातीर:
अहो काका पण "परवाच्या दिवशी जाऊ" म्हणलं तरी तो पुढचाच होतो ना, घोळ तोच.

सिडकोचा_भो:
परवाचा चालतो, परवाला चालतो, परवापासून चालतो, आणि परवात म्हणलं की व्याकरण आडवं येतं. आजवर कोणी परवाच्या आत शिरलं नव्हतं म्हणून तशी गरज पडली नाही भो. आता कपाटातून शिरून राहिले तर लागेलच ना त.

द्राक्षमळा:
आमच्या घरात "गेल्या परवा" आणि "येत्या परवा" असं बिनदिक्कत बोलतात, फवारणीचा हिशोब ठेवायचा असतो ना, परवा औषध मारलं की परवा मारायचंय यात गडबड झाली तर बाग जाते. "चल, गेल्या परवात जाऊ" करून बघा.

बालवाडीताई:
मी पंचवटीत लहान मुलांना शिकवते म्हणून बोलते. तुम्ही सगळे परवाचं काय घेऊन बसलात, चार वर्षांच्या मुलाला काल सुद्धा नीट कळत नाही. त्यांच्या दृष्टीने जे जे होऊन गेलं ते सगळं "काल". वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "ताई, मी काल बाळ होते." दुसरा एक दिवाळीला आणलेला शर्ट दाखवून शिमग्याच्या वेळी सांगतो की काल आणला. उद्याचं पण तसंच, "उद्या मी मोठी झाले की बस चालवणार." त्यांना दिवस मोजता येत नाहीत, प्रसंग आठवतात. म्हणून परवा काढून टाका आणि "चल, पाऊस पडला त्या दिवशी जाऊ" असं काहीतरी घाला, पिक्चरमध्ये त्या दिवशी काय झालं असेल ते. पाऊसचा प पण मिळेल तुम्हाला ओठांसाठी.

गोदातीर:
ताई हे भारी आहे. पण त्या दिवशी पाऊस नाहीये, बर्फ आहे. ब मिळतो म्हणा. लांबी बघते.

भगूरकर:
चर्चा मुळातच चुकीच्या जागी सुरू झालीये. परवाचं नंतर बघू, आधी "टाइम मशीन" आणि "सुपरहिरो" हे मराठी पिक्चरमध्ये काय करतायत? कालयंत्र, कालप्रवास, महानायिका असे सरळ शब्द असताना लहान मुलांच्या कानावर पहिल्यापासून इंग्रजी ओतायचं आणि मग मुलांना मराठी येत नाही म्हणून गळे काढायचे. आमच्या गावच्या सावरकरांनी चित्रपट, दिग्दर्शक, मध्यंतर असे शब्द दिले तेव्हाही लोक हसले होतेच, आज ते परके वाटतात का कोणाला?

सिडकोचा_भो:
लिहिताना चित्रपट, बोलताना पिक्चर. तुम्ही घरी "चला आज चित्रपटास जाऊ" म्हणता का काका, खरं सांगा. आणि महानायिका म्हणलं की पोरं विचारतील बच्चनची कोण. माझी भाची सुपरहिरोला सरळ "पॉवरवाला" म्हणते, आणि ही पोरगी झाली तर पॉवरवाली. यापेक्षा मराठी शब्द दाखवा.

भगूरकर:
पॉवर मराठी आहे?

सिडकोचा_भो:
वाली तर आहे ना.

जुनं_नाशिक:
वाला सुद्धा हिंदीतूनच आलाय.

गोदातीर:
कालयंत्राबद्दल सांगते, मी लिहून पाहिला होता हो. दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे ओठ. "टाइम मशीन"मध्ये लागोपाठ दोन म आहेत, पडद्यावर तोंड दोनदा मिटतं. "कालयंत्र" म्हणून बघा आरशासमोर, तोंड एकदाही मिटत नाही, त्यामुळे क्लोजअपमध्ये पोरगी एक बोलते आणि ऐकू दुसरंच येतं. दुसरं म्हणजे "कालप्रवास" ऐकून आमच्या चुणचुणीत कलाकाराने विचारलं की काल प्रवास केला तर आज काय करताय.

भगूरकर:
घरोघरी भिंतीवर कालनिर्णय असतं, ते बघून कोणाला "काल घेतलेला निर्णय" वाटतो का? सवयीचा प्रश्न आहे. आणि ओठांसाठी भाषा वाकवायची हे मला तरी पटत नाही.

गोदातीर:
डबिंगमध्ये तेच काम असतं काका, त्याचेच पैसे मिळतात :)

तपोवन:
कालप्रवास नको असेल तर काळप्रवास करा की, ळ आपला हक्काचा.

बालवाडीताई:
काळप्रवास ऐकून माझी आई देवासमोर दिवा लावेल. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" आपण कशाबद्दल म्हणतो? सुपरहिरो पोरगी भावाला हात धरून काळाकडे नेते असं होईल ते.

सिडकोचा_भो:
मग वेळप्रवास. लोकलच्या वेळापत्रकासारखं वाटतंय पण चालेल.

मोल्सवर्थचा_नातू:
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. काल आणि काळ यांची गल्लत करू नका, ही दोन वेगळी घराणी आहेत. काळ आला संस्कृत "काल"वरून. आपला काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस, तो "कल्य"वरून, कल्य म्हणजे पहाट. पुरावा मराठीच्या कानातच आहे. संस्कृतात दोन स्वरांमध्ये एकटा ल असेल तर मराठीत त्याचा ळ होतो, फल-फळ, कमल-कमळ, मूल-मूळ. ल जोडाक्षरात असेल तर तो ल च राहतो, मूल्य-मोल. तसंच काल-काळ, पण कल्य-काल. आणि गंमत बघा, उद्या हा शब्द उदयाच्या घरातला. म्हणजे गेलेला दिवस पण पहाटेवरून आणि येणारा पण पहाटेवरून, हिंदीवाल्यांनी तर दोन्हीला एकच कल ठेवला. परवा हे "परश्वः"वरून, जो संस्कृतात फक्त पुढचा आहे, मागच्यासाठी "परह्यः" वेगळा होता. मराठीने दोन्हीचं एकाच परवात भागवलं, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, तिथंही परवा दोन्ही बाजूंचा धरलाय. म्हणजे सिडकोतल्या मुलाची तक्रार फार जुनी आहे.

सटाण्याची:
आमच्या आईच्या अहिराणीत सकाय म्हणजे सकाळ पण आणि उद्या पण. नाशकात नवीन आलो तेव्हा आईने दूधवाल्याला "सकाय ये" सांगितलं, तो सकाळची दुपार होईपर्यंत आलाच नाही म्हणून ही चिडली, तो म्हणे उद्या बोलावलं होतं ना. तो कळवणचा निघाला. दोघंही अहिराणीच.

तपोवन:
परवा कळलं. तेरवा मात्र तेराव्यावरून आलाय, आमचे आजोबा सांगायचे, म्हणून लग्नाच्या घरात तेरवा म्हणत नाहीत, "तिसऱ्या दिवशी" म्हणतात.

मोल्सवर्थचा_नातू:
तेराव्यावरून असता तर तेरा दिवस मोजावे लागले असते हो. काल, परवा, तेरवा, तो तिसराच भरतो.

तपोवन:
आजोबा पौरोहित्य करायचे, रामकुंडावर उभा जन्म गेला त्यांचा. ते उगीच सांगणार नाहीत.

अर्धविराम:
मला वाटतं गोदातीरताईंची अडचण शब्दाची नाहीच्चे, ती क्रियापदाची आहे. परवा, तेरवा यांना फक्त अंतर असतं, दिशा नसते. दिशा क्रियापद देतं. परवा गेलो होतो, मागचा. परवा जाणारे, पुढचा. रोजच्या बोलण्यात कधी अडत नाही कारण मागच्या परवाला कोणी "जाणार" नसतो. या पिक्चरमध्ये नेमकं तेच होतंय, जायचं पुढे आहे आणि ठिकाण मागे आहे, म्हणून दिशादर्शक पाटी उलटी पडते. आणि आपली क्रियापदं तरी कुठं सरळ आहेत? आई हाक मारते तेव्हा आपण जागचे हललेलो नसतो आणि ओरडतो "आलो, आलो!" घराबाहेर पडताना निघालेला माणूस म्हणतो "येतो". "तू हो पुढे, मी मागून येतो" यात मागून म्हणजे नंतर, आणि "मागे एकदा आलो होतो" यात मागे म्हणजे आधी. मला विचाराल तर कपाटात शिरताना त्या पोरीच्या तोंडी "येतो गं आई" इतकंच टाका (मुलगी आहे म्हणजे "येते"). ती जातीये का येतीये, मागे का पुढे, काही कळणार नाही आणि मराठी आईला सगळं कळेल.

बालवाडीताई:
"आलेच!" तर अजून बरोबर. भूतकाळात जाताना भूतकाळाचं क्रियापद.

जुनं_नाशिक:
हे सगळं ठीक आहे पण परवात अजून मला मान्य नाही.

भगूरकर:
विषय भरकटतोय. "टाइम मशीन" काही इंग्रजांच्या रक्तात नव्हतं, १८९५ मध्ये वेल्सने कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनाही ते नवंच होतं. त्यांनी एक शब्द घडवला आणि रुजवला. आपण घडवलेला रुजू द्यायचा नाही, ओठ मिटत नाहीत म्हणून. पुराणात आपल्याकडे ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तिथं गाणं संपेपर्यंत थांबतो आणि परत येतो तर खाली सत्तावीस चतुर्युगं उलटलेली. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. कल्पना आपल्याकडे होती, शब्द तेवढे उसने?

सिडकोचा_भो:
ककुद्मी परत मागे आला का? नाही ना. मग ते टाइम ट्रॅव्हल नाही, ते त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाची लाइन झाली. आत गेले तेव्हा सकाळ, बाहेर आले तेव्हा पोरगी लग्नाची.

मोल्सवर्थचा_नातू:
त्र्यंबकेश्वर निघालंच आहे तर, काळाशी खेळणारा पहिला मराठी माणूस तिथलाच. दादासाहेब फाळके, जन्म १८७०. १९१३च्या हरिश्चंद्राआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखवली, आणि ती बघूनच पैसे लावणारा तयार झाला. पुढे आगकाड्या एकेक हलवून त्यांची चालती-फिरती फिल्म केली, म्हणजे आजच्या भाषेत अ‍ॅनिमेशन. त्याला मराठीत काय म्हणायचं हा वेगळा धागा होईल.

भगूरकर:
सचेतनपट.

सिडकोचा_भो:
कार्टून.

जुनं_नाशिक:
कार्टून म्हणजे व्यंगचित्र. ते वर्तमानपत्रात असतं.

द्राक्षमळा:
आमचा पोरगा टीव्हीवर ते निळं मांजर हिंदीत बघतो, टेबलाच्या ड्रॉवरमधून टाइम मशीन निघतं त्यात. त्याला कालयंत्र विचारलं तर तो म्हणला, "ते मिक्सरच्या बाजूला ठेवतात ते का?" काय ऐकलं देव जाणे. पण ड्रॉवरला मी खण म्हणलो तर बायको म्हणते खण ब्लाउजचा, टेबलाला कप्पा. यावर प्रकाश टाकावा.

सटाण्याची:
कपाटाला कप्पा, टेबलाला खण.

बालवाडीताई:
उलट. कपाटाला खण, म्हणून तर "पाच खणी कपाट".

गोदातीर:
मंडळी, उद्या दुपारी रेकॉर्डिंग आहे आणि माझ्याकडे आत्ता "गेल्या परवात", "बर्फ पडला त्या दिवशी" आणि "आलेच" असे तीन पर्याय आहेत. दिग्दर्शक म्हणतोय तिन्ही घेऊन ठेवू. त्याला मराठी येत नाही.

अर्धविराम:
आलेच घ्या. आणि एवढं बोललोय तर एकदा समोरासमोर भेटू. पुढच्या रविवारी मिसळ, गंगापूर रोडला?

द्राक्षमळा:
पुढच्या म्हणजे येत्या का? आज गुरुवार.

अर्धविराम:
येता म्हणजे हा, पुढचा म्हणजे त्याच्या पुढचा. हे उघड आहे.

जुनं_नाशिक:
अजिबात उघड नाही. आज गुरुवार, पुढे येणारा पहिला रविवार तोच पुढचा. त्याला येता असंही म्हणतात इतकंच.

सिडकोचा_भो:
मग तेरवा म्हणा ना सरळ.

तपोवन:
मिसळीच्या बेताला तेरवा नका हो म्हणू.

जुनं_नाशिक:
मी या रविवारी साडेआठला टेबल धरून बसतो. ज्यांचा पुढचा रविवार अजून पुढे आहे त्यांनी तेव्हा आपापली मिसळ खावी, माझ्यासाठी रस्सा ठेवू नये.