मदत हवी आहे: जर्मनीसाठी पाकिटावरचं स्वस्तिक बदलावं का?

नमस्कार मंडळी. आमचा घरगुती गोडा मसाला पुण्याहून दुबईला जातो, आता जर्मनीतून मागणी आलीय. पाकिटाच्या कोपऱ्यात लाल स्वस्तिक आहे. पहिल्या पाकिटावर सासूबाईंनी ते कुंकवाने काढलं होतं, तेच आजवर छापत आलो. जर्मनीत नाझी चिन्हांवर दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे बंदी आहे. आपलं स्वस्तिक वेगळं, हे खरं. पण ज्याच्या घरच्यांनी तो काळ भोगलाय, त्याला दुकानात हे समजावणार कोण? मला तरी ते तिकडे नकोच वाटतं.

पण फक्त जर्मनीचं पाकीट बदलू, की सगळीकडे एकच नवं चिन्ह ठेवू? दुबईची गिऱ्हाइकं जुनं पाकीट बघूनच मसाला उचलतात. लेबल जर्मन भाषेत हवं, घटकांच्या यादीत तीळ (अ‍ॅलर्जीचा पदार्थ म्हणून) ठळक अक्षरांत हवेत, एवढं कळलंय. युरोपात माल पाठवणाऱ्यांनी कृपया अनुभव सांगा.