मदत हवी आहे: जपान अकादमी पुरस्कार आणि ॲनिमेशनपट

मंडळी, एक माहिती हवी आहे. जपान अकादमी पुरस्कारांत 'प्रिन्सेस मोनोनोके'ला १९९८ मध्ये आणि 'स्पिरिटेड अवे'ला २००२ मध्ये थेट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला होता. २००७ पासून ॲनिमेशनसाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. 'युअर नेम'ने २०१७ मध्ये पटकथेचा पुरस्कार पटकावला, पण ॲनिमेशनचा गेला 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड'ला. (दोन्ही बघाच!) या वेगळ्या विभागामुळे ॲनिमेशनपटांची मुख्य पुरस्काराची वाट अरुंद झाली, असं मला मनापासून वाटतं. 'स्पिरिटेड अवे'मधली, पाण्यावरून जाणाऱ्या आगगाडीत गप्प बसलेली छोटी नायिका चिहिरो आठवा. हा अस्सल सिनेमा आहे, मग त्याला वेगळी रांग कशाला? तिथले मतदानाचे नियम इंग्रजीत किंवा मराठीत कुठे सविस्तर वाचायला मिळतील? जपानी येणाऱ्यांनी मूळ नियम समजावून सांगितले तर फारच उत्तम.