सलामांकाला येणाऱ्या पुतणीसाठी खोली: आधी पाद्रोन विचारा

नमस्कार मंडळी,

माझ्या थोरल्या भावाची मुलगी सप्टेंबरमध्ये सांगलीहून इथे स्पेनमधल्या सलामांका विद्यापीठात मास्टर्सला येते आहे. पुण्यात स्पॅनिश शिकली, भाषेची बी-२ पातळीची परीक्षा पास आहे. प्रवेश झाला, व्हिसाही हातात आला. राहिला प्रश्न खोलीचा. मी इथे आलो तो नोकरीवर, त्यामुळे विद्यार्थ्यांचं मला काही ठाऊक नाही. व्हॉट्सअॅपवर एक खोली मिळते आहे, विद्यापीठापासून चालत दहा मिनिटं, भाडंही परवडणारं. पण अनामत आज रात्रीपर्यंत पाठवा म्हणतायत. पाठवू का? वहिनी सकाळ-संध्याकाळ फोन करते आहे.

— माद्रिदहून, काका

काका, नमस्कार. गणपतीत आपण भेटलो होतो, मी सलामांकाची पीएचडीवाली.

आज पैसे पाठवू नका. आधी एवढंच विचारा: या पत्त्यावर पाद्रोन करता येईल का, आणि भाडेकरार लेखी, तिच्या नावाने मिळेल का? उत्तर 'नाही' आलं किंवा 'नंतर बघू' आलं, तर खोली सोडून द्या. भाडं कितीही कमी असो.

हे इतकं ठासून सांगते, कारण माझं यातच अडलं. पाद्रोन म्हणजे आपण अमुक घरी राहतो अशी नगरपालिकेतली, इथल्या आयुंतामिएन्तोतली नोंद. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला आल्यापासून ३० दिवसांत पोलिसांकडे परदेशी ओळखपत्रासाठी, म्हणजे तिएसाठी, अर्ज करावा लागतो. माझ्याकडे तिथे पाद्रोनचा दाखला मागितला. मी एक महिन्याचं भाडं अनामत देऊन बसले होते, करार तोंडी, आणि घरमालकीण म्हणाली, पाद्रोन माझ्या घरात नाही. तिची समजूत घालण्यात माझा सगळा ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरात वर्गातल्या एका मुलीच्या घरात खोली मिळाली, लेखी करार झाला, दाखला मिळाला. बोटांचे ठसे द्यायची तारीख मिळाली डिसेंबरच्या मध्यावर. तोवर माझ्या व्हिसाचे ९० दिवस संपले होते. कार्ड नाही, अर्ज केल्याची पोचही नाही. भारतात गेले असते तर परत येता आलं नसतं. भावाचं लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. अंतरपाट धरलेला मी मोबाइलवर पाहिला, स्वयंपाकघरात उभी राहून, पहाटे. आई मागून सारखी विचारत होती, दिसतंय का नीट.

पोच हातात असती तर 'आउतोरिथासिओन दे रेग्रेसो' म्हणजे परतीची परवानगी काढून जाऊन येता आलं असतं. म्हणून तिला सांगा, उतरल्या आठवड्यातच पाद्रोन, आणि त्याच दिवशी पोलिसांची 'थिता' शोधायला बसायचं. थिता म्हणजे ऑनलाइन मिळणारी वेळ. ती सहज मिळत नाही, सकाळी लवकर बघत राहावं लागतं. ७९० नंबरच्या फॉर्मचा ०१२ प्रकार भरून फी बँकेत आधी भरायची, पावती जपून ठेवायची.

पहिल्या वर्षी रेसिदेन्सिया, म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह, मिळत असेल तर माझं मत तिकडेच. महाग पडते, पण राहण्याचा दाखला तिथूनच मिळतो आणि सोबत होते.

अभ्यासाचं थोडं. इथे गुण १० पैकी. ५ ला पास, ७ म्हणजे 'नोताब्ले', चांगले. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ७ ऐकून त्यांना वाटेल पोरगी मागे पडली. ९ च्या वर 'सोब्रेसालिएन्ते', आणि 'मात्रिकुला दे ओनोर' तर वर्गातल्या जास्तीत जास्त ५ टक्के मुलांनाच देता येते.

भाषेचं मात्र तिला आत्तापासून मनावर घ्यायला सांगा. बी-२ असूनही पहिला महिना मला वर्गात अर्धंच कळत होतं. प्राध्यापक भरभर बोलतात, आणि धन्यवादाचं 'ग्रासियास' ऐकायची सवय असलेल्या कानाला इथे 'ग्राथियास' ऐकू येतं. दुसरं म्हणजे सर-मॅडम नाही. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची, तीही 'तू' म्हणून. मी सहा आठवडे 'उस्तेद', म्हणजे 'आपण', म्हणत होते. शेवटी माझ्या मार्गदर्शक बाईंनी हात धरून सांगितलं, मला अगं म्हण. त्या दिवसापासून शंका विचारायला जीभ सुटली. संध्याकाळी प्लाथा मायोर या मुख्य चौकात घड्याळाखाली सगळे भेटतात, तिला तिथे जायला सांगा, खोलीत पुस्तक धरून बसू नये.

शाकाहारी आहे का ती? 'सँडविच वेखेताल' नावाला भाजीचं, आत बहुतेक वेळा ट्यूना आणि अंडं. डाळ मात्र भरपूर. सलामांकाला लागूनच ला आर्मुन्या आहे, तिथला मसूर नावाजलेला. हिरवट, मोठा दाणा, शिजल्यावर मऊ पण फुटत नाही. गोडा मसाला आणि चिंच-गूळ घातली की अस्सल आमटी. कुकर छोटा आणायला सांगा. आणि जाड कपडे. गाव ८०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत पारा शून्याखाली जातो.

— सलामांकाहून

पोरी, तुझा मेल वहिनीला वाचून दाखवला. फोनवर ती बराच वेळ गप्प होती. लग्नाचं ऐकून मलाही वाईट वाटलं.

त्या खोलीवाल्यांना विचारलं. 'पाद्रोन नाही, करार आल्यावर बघू' असं उत्तर आलं. सोडून दिली. रेसिदेन्सियांची यादी काढतोय. डिग्रीचं भाषांतर इथे आल्यावर केलं तर चालेल का?

— काका

काका, बरं केलंत. भाषांतर इथे चालेल, फक्त ते त्रादुक्तोर खुरादोकडूनच हवं, म्हणजे इथल्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या भाषांतरकाराकडून. पण डिग्रीवरचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणपत्र, भारतातून करूनच पाठवा, ते इथून होत नाही. त्याला वेळ लागतो, तेव्हा उद्याच सुरू करा.

ती कुठल्या तारखेला उतरते ते कळवा. माद्रिदहून बसने अडीच तास, मी स्टँडवर येईन. पाद्रोनला पहिल्यांदा मीच तिच्याबरोबर जाते.

— सलामांकाहून