मदत हवी आहे: 'मराठी कादंबरीतील स्त्रीजीवन' या शोधनिबंधासाठी प्रश्न आणि संदर्भ

अक्षरवेल:
एम.ए. मराठी, दुसरं वर्ष. ४००० शब्दांचा शोधनिबंध, मुदत सहा आठवडे. विषय वर दिलाय. मार्गदर्शक बाई म्हणतात, विषय आहे, प्रश्न कुठाय? ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' वाचून झालीय. गुगलवर तेच ते परिचयलेख सापडतात. पुण्यात कुठे, काय शोधू?

जुनी_पानं:
बाईंचं बरोबर आहे. या शीर्षकावर पीएचडीही अपुरी पडेल. कादंबरी एकच ठेवा आणि तिच्यासमोर रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) ठेवा. कादंबरीची नायिका यमू आपली हकिकत 'मी' म्हणून सांगते, पण लिहिणारा पुरुष. रमाबाईंचा 'मी' त्यांचा स्वतःचा. दोन्हीकडे नवऱ्याच्या आग्रहानं बाईचं वाचन पुढे जातं आणि घरची माणसं त्यावरून टोचून बोलतात. तेवढेच प्रसंग निवडा, प्रत्येकी दोन किंवा तीन. ४००० शब्दांत याहून जास्त मावत नाही, मग नुसती कथानकं सांगत बसावं लागतं.

आणि कादंबरीला त्या काळाचा पुरावा म्हणून वापरू नका. परीक्षक पहिलं तिथेच धरतात.

पेठेतला_वाचक:
संदर्भांचं सांगतो. आधी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' उघडा. पहिला खंड १८०० ते १९३७, दुसरा १९३८ ते १९५०. कुठलं पुस्तक कधी, कुणी छापलं हे तिथे कळतं. मग टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत जा आणि 'महाराष्ट्र साहित्य पत्रिके'चे जुने अंक चाळा. खरी समीक्षा नियतकालिकांत पडून आहे, ती गुगलला दिसत नाही. विद्यापीठातल्या जयकर ग्रंथालयात जाताना ओळखपत्र आणि बाईंचं पत्र दोन्ही न्या. जुन्या फायलींचे कागद ठिसूळ असतात, झेरॉक्स मिळेलच असं नाही. मोबाइलवर फोटो काढायची परवानगी आधीच विचारा, आणि प्रत्येक लेखाआधी अंकाच्या मुखपृष्ठाचा फोटो घ्या. नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठल्या अंकातलं, हे कळत नाही.

'शोधगंगा' या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फायलींत असतो. सगळा उतरवू नका, शेवटची संदर्भसूचीची फाइल आधी उघडा.

शोधताना शुद्धलेखन आडवं येतं. जुनं रूप 'आयुष्यांतील कांहीं', आजचं 'आयुष्यातील काही': दोन्ही टाकून बघा. 'कादंबऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकला जातो, एकानं शोधलं तर दुसरा सापडत नाही. त्यापेक्षा 'कादंब' एवढंच टाका.

अक्षरवेल:
खूप आभार! मग प्रश्न असा चालेल का: 'यमू आणि रमाबाई यांच्या निवेदनात शिक्षणाला होणाऱ्या विरोधाचं चित्रण कसं येतं?'

जुनी_पानं:
'चित्रण कसं येतं' काढा, त्याला कुठलंही उत्तर चालतं. असं करा: 'विरोध सांगताना दोघी दोष कुणावर ठेवतात, आणि कुठे थांबतात?' याचं उत्तर पानावर बोट ठेवून देता येतं, आणि चुकलंच तर चुकलेलं दिसतं. एक भान ठेवा. रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, आठवणी त्यानंतर छापल्या. त्यामुळे रमाबाई जिथे गप्प बसतात तिथे सासरचा धाकच होता असं धरून चालू नका, दिवंगत नवऱ्याबद्दलचा आदरही असू शकतो.

पेठेतला_वाचक:
कादंबरी मुळात 'करमणूक'मधून क्रमशः आली, हे साप्ताहिक १८९० चं. तुमच्याकडची प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, हे शीर्षकपानामागे बघून घ्या. संक्षिप्त असेल तर तिच्यावरून 'यमू इथे गप्प आहे' असं लिहिता येणार नाही.