महागाई दर घटला, मग गूळ महागच कसा?

प्रश्न: कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाचा भाव चढाच आहे, बातम्यांत मात्र महागाई दर घटला म्हणतात. खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं. समजा, ५० रुपये किलोचा गूळ वर्षात ५५ झाला. म्हणजे महागाई दर १० टक्के. पुढच्या वर्षी ५७ झाला. दर साधारण ३.६ टक्के. दर उतरला, पण भाव वाढलाच की! भाव खरंच उतरले तर दर शून्याखाली जातो. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्यसुद्धा ४ टक्क्यांचं आहे, शून्याचं नाही.

प्रश्न: मग गुळाची भाववाढ आणि चलनवाढ यांत फरक काय?

उत्तर: एकट्या गुळाची ती भाववाढ. चलनवाढ, म्हणजे बातम्यांतली महागाई, सगळ्या वस्तू-सेवांची मिळून, निर्देशांकातल्या (सगळ्या भावांचा मिळून काढलेला आकडा) वजनानुसार, म्हणजे खर्चातल्या वाट्यानुसार मोजतात.

प्रश्न: महागाई दर काढताना तुलना कशाशी करतात?

उत्तर: तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी असते. तेव्हा टोमॅटो भडकले असतील तर यंदाचा दर कमी दिसतो. म्हणून दोन वर्षांपूर्वीचा निर्देशांकही ताडून बघा.