तापातल्या लेकीला घरी ठेवलंय, शाळेतनं रोज विचारणा होतेय. चुकतेय का मी?

मंगळवारपेठेची_आई · बुधवार, रात्री १०:४०

नमस्कार. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. लेक चौथीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण शाळा चांगली आहे, बाई जीव लावणाऱ्या आहेत आणि मला कुणाची तक्रार करायची नाही. पण सोमवारपासनं एक गोष्ट मनातनं जात नाही.

रविवारी रात्री तिला ताप होता, १००.८. सोमवारी पहाटे सहाला मी तापाचं सिरप दिलं. साडेसहाला अंग गार लागलं. मी डबा भरला, रेनकोट चढवला आणि रिक्षाकाकांच्या रिक्षात बसवलं. ताप औषधानं उतरलाय, गेलेला नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून पाठवलं.

का पाठवलं ते सांगते. आमच्या शाळेत दर शनिवारी प्रार्थनेच्या वेळी सर्वांत जास्त हजेरीच्या वर्गाला ध्वज मिळतो. आठवडाभर तो वर्गाच्या दारावर असतो. लेकीच्या वर्गाकडं तो सलग चार आठवडे आहे. रोज संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर 'आजचे गैरहजर' म्हणून नावं येतात. जूनच्या पालकसभेत सांगितलं होतं, फार आजारी नसेल तर दोन तास तरी पाठवा, हजेरी लागली की घेऊन जावा. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा.

सोमवारी साडेदहाला शाळेतनं फोन आला. मी उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये बिलांचं काम बघते. तशीच उठून रिक्षा केली. लेक कार्यालयातल्या खुर्चीवर रेनकोट घालूनच बसली होती, दात वाजत होते. शेजारी अजून दोन पोरं खोकत बसलेली. घरी आणून ताप बघितला तर १०३.

रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती काय म्हणाली ते लिहिते. "आई, पहिल्या तासालाच थंडी वाजालती. पण हजेरीचा कागद दुसऱ्या तासाला कार्यालयात जातो. तोपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

नऊ वर्षांची आहे हो ती.

डॉक्टर म्हणाले, घसा लाल आहे, बहुतेक व्हायरल, चौथ्या दिवशीही ताप राहिला तर रक्त तपासू. आणि औषध न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही तरच शाळा. म्हणून मंगळवार, बुधवार घरीच ठेवली. काल आमच्या गल्लीची त्र्यंबोली यात्रा होती. पंचगंगेचं नवं पाणी घेऊन बायका निघाल्या, पी-ढबाक वाजत अगदी आमच्या खिडकीखालनं गेलं. गेल्या वर्षी हीच त्याच्यापुढं टेंबलाईपर्यंत नाचत गेली होती. काल तिला जागसुद्धा आली नाही. सासूबाई परत आल्या आणि तिच्या उशाशी बसून राहिल्या, जेवल्याही नाहीत.

आता उद्या घटक चाचणी आहे. बाईंचा दोनदा फोन आला, "चाचणीपुरती तरी पाठवा." मिस्टर म्हणतात, तासाभराचा प्रश्न आहे, मी सोडतो आणि घेऊन येतो. लेक स्वतः म्हणते, "मला बरं वाटतंय, मी जातो शाळेला." आत्ता रात्री दहाला ताप १०१ आहे.

चार-पाच दिवस बुडाले तर निकालावर खरंच काही होतं का? शाळेशी वाकडं न येता काय सांगायचं? आणि दुखलं-खुपलं लपवायचं हे जे तिच्या डोक्यात बसलंय, ते मीच बसवलंय. ते कसं काढू?

---

डोंगरातला_मास्तर · गुरुवार, सकाळी ६:१५

ताई, आज पाठवू नका. आधी एवढं वाचा, बाकी सावकाश.

मी राधानगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, २७ वर्षं झाली. निकालाची भीती मनातनं काढून टाका. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस शाळा धरली आहे. तुमच्या लेकीचे पाच दिवस म्हणजे अडीच टक्के. चौथीचं मूल हजेरीसाठी मागं ठेवता येत नाही. लोक जी ७५ टक्क्यांची अट सांगतात ती दहावी-बारावीच्या बोर्डाची. तिथंसुद्धा आजारपणाचे कागद असले तर विचार होतो. घटक चाचणी तर वर्गातली गोष्ट आहे, मूल बरं होऊन आलं की त्याला वेगळी बसवून घेता येते. मी दरवर्षी घेतो.

आता ध्वजाचं. चाळीस मुलांचा वर्ग आणि आठवड्याचे सहा दिवस धरले तर २४० हजेऱ्या. तुमच्या लेकीचे पाच दिवस गेले तर वर्गाची हजेरी दोन टक्क्यांनी उतरते, आणि ध्वज जायला तेवढं पुरतं. म्हणून बाई फोन करतात. त्यांना महिन्याला सरासरी द्यावी लागते, कमी दिसली की वरनं विचारणा होते. मीही असले फोन केलेत. एका पोराच्या आईला "आणून बसवा नुसतं" म्हणालो होतो. ते पोर वर्गात ओकलं आणि सगळ्यांसमोर रडलं. त्या दिवसापासनं माझ्या वर्गात आजारी मुलाचे दिवस मी ध्वजाच्या हिशेबातनंच काढतो. शासनाच्या हजेरीपटावर गैरहजर ते गैरहजरच राहतं, त्यात खोटं करायचं नाही. पण ध्वज आमचा, त्याचा भागाकार आमच्या हातात आहे. हे तुमच्या मुख्याध्यापकांना सुचवून बघा. यात कुणाचा कमीपणा नाही.

हजेरीचा आग्रह आपल्या भागात का आला हेही सांगतो, कारण मला तो आग्रह वाईट वाटत नाही. शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड ठेवला. तेव्हाचा १ रुपया लहान नव्हता. तो दंड होता गुरांमागं, शेतावर, धाकट्याला सांभाळायला ठेवलेल्या पोरांसाठी. आजही ऊसतोडीच्या हंगामात माझ्या वर्गातली पोरं निघून जातात, त्यांच्या मागं मी खोपीपर्यंत जातो. हजेरीची काळजी त्यांच्यासाठी आहे, अंथरुणात तापानं फणफणलेल्या लेकरासाठी नाही. या दोन गैरहजेऱ्या एकाच रकान्यात पडतात, तिथंच सगळं चुकतं.

फोनवर बोलत बसू नका. मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज लिहा, तारखा घाला, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शेवटी एक ओळ लिहा, "चाचणी नंतर घ्यावी ही विनंती." अर्ज आला की बाईंनाही वर दाखवायला कागद मिळतो. तुमचा अर्ज त्यांची ढाल होईल.

---

वॉर्डातली_सिस्टर · गुरुवार, दुपारी ३:०५

मी मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. ताई, सकाळी औषध देऊन पाठवणारी आई मला पावसाळ्यात रोज भेटते, त्यामुळं स्वतःला फार बोलू नका. पॅरासिटामॉलचा असर चार ते सहा तास असतो. सहाला दिलं की दहा-साडेदहाला ताप परत चढतो. तुम्हाला फोन आला ती वेळ बघा.

नुसतं नाक गळतंय, ताप नाही, खेळतंय, जेवतंय, तर शाळेला पाठवा. ताप असेल तर डॉक्टर म्हणाले तेच, औषधाशिवाय २४ तास. उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान एक दिवस घरी, दोन दिवस थांबलात तर जास्त चांगलं. कांजण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नाही, म्हणजे साधारण पाच-सहा दिवस तरी लागतात. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस, गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. घशाला जंतूंचा संसर्ग आहे म्हणून डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं असेल, तर पहिला डोस देऊन पूर्ण एक दिवस झाल्यावर आणि ताप नसेल तर जाता येतं. पण कोर्स अर्धवट सोडायचा नाही. त्या घशातनंच पुढं संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. तसली मुलं मी बघितली आहेत. घसा दुखून गेला म्हणून सगळे विसरलेले असतात.

हे मात्र नीट लक्षात ठेवा. सध्या डेंग्यूचे दिवस आहेत. डेंग्यूत धोका बहुतेक वेळा ताप उतरताना असतो. ताप गेला पण पोट खूप दुखतंय, सारख्या उलट्या होतायत, नाकातनं किंवा हिरड्यांतनं रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, मूल सुस्त झालंय, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. आणि डेंग्यू नाही हे कळेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनानं देऊ नका. पॅरासिटामॉलही वजनावर मोजून द्या, चमच्यानं अंदाजे नको.

---

शिरोली_पहिलीपाळी · गुरुवार, रात्री ९:२०

मी पाठवते. खरं बोलते.

शिरोली एमआयडीसीत पॅकिंगला आहे. महिन्यात एक खाडा झाला की हजेरी भत्ता जातो. दोन झाले की सुपरवायझर नावानिशी विचारतो. घरात मी आणि पोरगा, तिसरं कुणी नाही. पोरगा दुसरीत आहे. गेल्या महिन्यात ताप होता तर शेजारच्या काकूंकडं ठेवला, दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, आम्हाला लागंल. मग तिसऱ्या दिवशी सिरप देऊन शाळेला पाठवला. शाळेत निदान पंखा आहे, बाई आहेत, जेवण मिळतं. घरी कुलूप लावून ठेवू का?

वर सगळ्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, मला पटतंय. पण हे वाचून रात्रभर मला झोप लागणार नाही आणि पुढच्या वेळी मी परत हेच करीन. पोराची हजेरी आणि माझी हजेरी, दोन्ही एकाच सकाळी मोजतात.

---

बावड्याचा_बाबा · शुक्रवार, सकाळी ७:५०

शिरोलीच्या ताई, तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. फक्त दुसरी बाजू माहीत असावी.

माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, मूत्रपिंडातनं प्रथिनं जातात. त्यासाठी जास्त मात्रेचं स्टिरॉइड चालू असतं आणि त्यानं अंगातली प्रतिकारशक्ती दबते. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बाकावर कांजण्या आलेलं मूल बसलं. त्या घरच्यांना तेव्हा पुरळ घामोळ्यासारखं वाटलं होतं, त्यांचाही दोष नाही. माझ्या मुलाला कांजण्या झाल्या आणि अकरा दिवस आम्ही दवाखान्यात काढले. शिरेतनं औषध द्यावं लागलं. तो आज बरा आहे, शाळेला जातो. पण वर्गात कुणी शिंकलं की त्याची आई अजून मला फोन करते.

वर्गात असं एखादं मूल असतं, आणि ते सगळ्यांना माहीत नसतं. शाळेनं आजारी मुलाला घरी ठेवायला सांगितलं तर आमच्यासारख्यांवर उपकार होतील.

---

मंगळवारपेठेची_आई · सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

गुरुवारी पाठवलं नाही. मास्तरांनी सांगितलं तसा अर्ज लिहिला आणि स्वतः घेऊन गेले. पोच घेतली. बाई भेटल्या तर त्यांचाच आवाज बसलेला, घशाला रुमाल. मी अर्ज हातात दिला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "बरं केलंत. तोंडी निरोपाला वर किंमत नसते." चाचणी पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. मुख्याध्यापकांना भागाकाराचं सांगितलं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, शिक्षकसभेत ठेवतो म्हणाले. पण आज संध्याकाळी ग्रुपवर गैरहजरांची नावं आली नाहीत. एका दिवसावरनं काही म्हणता येणार नाही, बघू.

ताप शुक्रवारी पहाटे उतरला. त्याआधी गुरुवारी रक्त तपासून घेतलं, डेंग्यू नाही. सिस्टरताईंचं वाचून शनिवार-रविवार दर चार तासांनी बघत होते, लघवी, पोट, हातपाय. शनिवारी ध्वज दुसऱ्या तुकडीकडं गेला. वर्गातली मैत्रीण वह्या द्यायला आली आणि दारातच तिनं ते सांगितलं. लेक गप्प झाली, मग भिंतीकडं तोंड करून रडली. मी जवळ बसले आणि तिला सांगितलं की सोमवारी ताप आहे हे मला माहीत होतं, मी चुकले. तिला ते नवीनच होतं. बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "मग तू का नाही सांगितलंस बाईंना?" मला उत्तर देता आलं नाही.

शिरोलीच्या ताई, तुम्ही लिहिलेलं मी चार वेळा वाचलं. माझ्या घरी सासूबाई आहेत म्हणून मला घरी ठेवता आलं, हे मला आधी सुचलंच नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, शिरोलीवरनं बस आपल्या पेठेपर्यंत येत असंल तर पोराला हितं सोडून जा म्हणावं, दुपारी मऊ भात घालीन. मी तुम्हाला मेसेज केलाय. अनोळखी घर आहे, एकदा येऊन बघून जावा, मग ठरवा.

आज सकाळी सहाला मी कणीक मळत होते. लेक थर्मामीटर हातात घेऊनच स्वयंपाकघरात आली. "आई, आधी बघ. असला तर मी नाही जात." काखेत धरून ओट्याला टेकून उभी राहिली. ९८.२. मग वेणी घातली, डबा भरला.