मदत हवी आहे: अँचोवीशिवाय घरचा स्टेक सॉस

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आमच्याकडे, म्हणजे न्यू जर्सीत, अंगणात ग्रिलचा बेत आहे. लेकाचे कॉलेजातले मित्र येणार आहेत आणि रिबआय स्टेकची फर्माईश झाली आहे. स्टेकचं मला टेन्शन नाही. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रीजमध्ये उघडं ठेवायचं, टिपून कोरडं करायचं, कडक तापलेल्या जाळीवर टाकायचं आणि उतरवल्यावर पाच-सात मिनिटं सुरी लावायची नाही, हे आता हातात बसलंय. गाडी अडलीय सॉसपाशी.

येणाऱ्यांतल्या एका मुलाला माशांची ॲलर्जी आहे, आणि साधीसुधी नाही. घरगुती स्टेक सॉसच्या ज्या पाककृती मला सापडल्या, त्या बहुतेक वूस्टरशर या आंबट-खारट इंग्लिश सॉसवर उभ्या आहेत आणि त्यात अँचोवी, म्हणजे छोटे मासे, असतात. दुकानातला ए-वन स्टेक सॉस आणता येईल, त्याच्या घटकांत मासा नाही. पण त्यात कॉर्न सिरप असतं, आणि एवढी पोरं हौसेने जेवायला येताहेत तर सॉस घरचाच असावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणून बाटल्यांवरचे घटक वाचून काढले. ए-वनमध्ये टोमॅटो प्युरी, व्हिनेगर, मनुकांची पेस्ट, संत्र्याचा गर, लसूण. ब्रिटनच्या एचपी सॉसमध्ये टोमॅटो, माल्ट व्हिनेगर, मोलॅसिस (साखर करताना उरणारा काळा पाक), खजूर आणि चक्क चिंच! १८९५ मध्ये नॉटिंगहॅमच्या एका किराणा दुकानदाराने नोंदवलेलं हे नाव, आणि आतलं सामान निम्मं आपल्या फडताळातलं. भारी वाटलं वाचून.

मग खजूर, चिंचेचा कोळ, टोमॅटो पेस्ट, गूळ, व्हिनेगर, लसूण, मिरी आणि थोडी जिरेपूड असं शिजवून, वाटून, गाळून घेतलं. रंग तसाच काळपट तपकिरी आला, दाटपणाही छान. चव मात्र थेट भेळेच्या गोड चटणीची. एरवी मी वाटीभर संपवली असती, पण मांसाच्या तुकड्यावर घेतली की मांस मागे पडतं आणि चटणीच पुढे येते.

तर जाणकारांनो, हा चटणीपणा कसा घालवू? माशाशिवाय ती खोल, खारट चव कुठून आणू? आणि आज करून ठेवला तर शनिवारपर्यंत नीट राहील ना?

प्रतिसाद १

ताई, चिंच राहू द्या, जिरं आणि गूळ काढा. भेळेची आठवण त्या दोघांमुळे येते. खजुराऐवजी अर्धी वाटी काळ्या मनुका घ्या, त्यात अर्धी वाटी व्हिनेगर, पाऊण वाटी पाणी, एक कांदा, दोन लसूण पाकळ्या, दोन मोठे चमचे टोमॅटो पेस्ट आणि चिंचेचा कोळ एकच मोठा चमचा. गोडीला मोलॅसिस एक चमचा, त्याला किंचित कडवट अंग असतं आणि तेच इथे हवंय. मसाल्यात मोहरीची पूड, भरपूर मिरी, दोन लवंगा, चिमूटभर सेलरी सीड. संत्र्याची किसलेली साल अगदी शेवटी, नाहीतर तिचा वास उडून जातो.

खोल चवीसाठी सोया सॉस दोन मोठे चमचे आणि दोन-तीन सुके शिताके मशरूम. मशरूम आधी त्याच पाऊण वाटी गरम पाण्यात भिजवा आणि ते पाणी गाळून सॉसमध्येच घाला. मीठ सोया घातल्यावरच चाखून ठरवा.

मंद आचेवर वीसेक मिनिटं. उलथनं पातेल्याच्या तळावरून ओढलं की मागे वाट उमटली पाहिजे आणि ती हळूहळू बुजली पाहिजे. तिथेच गॅस बंद, कारण गार झाल्यावर तो आणखी आळतो. मग वाटून गाळा. गरम असताना व्हिनेगर नाकात जाईल, घाबरू नका. रात्रभरात ते मसाल्यांत मुरतं.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण सॉसइतकीच जाळीची काळजी घ्या. त्या ग्रिलवर कधी सॅमन किंवा कोळंबी भाजली असेल तर नुसतं ब्रशने घासून भागणार नाही. त्या मुलाचा स्टेक वेगळ्या बिडाच्या तव्यावर करा, चिमटाही वेगळा. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो आणि माल्ट व्हिनेगर बार्लीचं, तेव्हा बाकी पोरांनाही आधीच विचारून घ्या. अँचोवी नसलेला व्हेगन वूस्टरशरही मिळतो, मात्र लेबल शेवटपर्यंत वाचायचं.

टिकण्याचं म्हणाल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये, दोन आठवडे आरामात. बाहेर कपाटात मात्र ठेवू नका. आंबट पदार्थ बरणीत सीलबंद करायचा तर पीएच ४.६ किंवा त्याखाली लागतो, आणि आपल्या अंदाजपंचे प्रमाणात तो किती आहे ते जिभेवरून कळत नाही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार! जाळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, गेल्याच महिन्यात तिच्यावर सॅमन भाजलाय. त्या मुलासाठी तवा वेगळा काढलाय आणि लेकाला सांगून सगळ्यांना ॲलर्जीचं विचारलंय. मनुका, शिताके आज आणते. एकच राहिलं: सॉस भाजतानाच मांसाला लावू का?

प्रतिसाद १

नको, साखर असते त्यात, आचेवर करपून कडू होईल. फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा आणि वाटीत बाजूला द्या, ज्याचा तो घेईल.